‘आय मिस्ड माय ट्रेन ऑफ थॉट’: सारखी होणारी एक चूक आणि तिचा इलाज

"मावशी, ह्यात चूक काय आहे? ट्रेन मिसच होते ना?"

भाच्याचा हा मेसेज आला तेव्हा मी त्याचं तेच वाक्य तिसऱ्यांदा दुरुस्त करत होते. तो पुण्यात नोकरी करतो, त्याचे ईमेल इंग्लंडला जातात, आणि महत्त्वाचा ईमेल असला की पाठवण्याआधी तो मला दाखवतो. मी मराठी माणसांनी लिहिलेलं इंग्रजी तपासण्याचंच काम करते. परदेशी विद्यापीठांसाठीचे अर्ज, अहवाल, कधीमधी एखादी कथा. त्यामुळे हा एकच वाक्प्रचार किती हातांत किती तऱ्हांनी मोडतो ते मी पाहिलंय. ‘माय ट्रेन ऑफ थॉट लॉस्ट’, ‘आय मिस्ड माय ट्रेन ऑफ थॉट’, ‘आय लॉस्ट माय ट्रेल ऑफ थॉट्स’, ‘आय वॉज लॉस्ट माय ट्रेन’, आणि एका कथेत तर ‘माय थॉट ट्रेन वेंट’.

लिहिणाऱ्याला म्हणायचं असतं एवढंच, की बोलता बोलता मध्येच काहीतरी झालं आणि मी काय सांगत होतो तेच डोक्यातून गेलं. मराठीत आपण "माझी लिंक तुटली" म्हणतो, त्याआधीची पिढी "धागा सुटला" म्हणायची.

घाईत असाल तर बरोबर वाक्य हे घ्या: ‘सॉरी, आय लॉस्ट माय ट्रेन ऑफ थॉट.’ आत्ता ह्या क्षणी घडलं असेल तर ‘आय हॅव लॉस्ट’, दुसऱ्या कुणी घालवलं असेल तर ‘द फोन कॉल ब्रोक माय ट्रेन ऑफ थॉट’. एवढ्यावर काम भागेल. पण माझा अनुभव असा की नुसतं बरोबर वाक्य देऊन ही चूक जात नाही. दोन महिन्यांनी ती दुसऱ्या वेषात परत येते, कारण ती एक चूक नाहीच. चार वेगळी दुखणी एकाच वाक्यात येऊन बसली आहेत, आणि चारही आपल्या मराठीतून आली आहेत.

आधी रेल्वे डोक्यातून काढा

भाच्याच्या डोळ्यासमोर आठ बावीसची लोकल होती. फलाटावर पोचायला उशीर झाला, गाडी गेली, म्हणून ‘मिस्ड’. तर्क ठीक आहे, पण पाया चुकीचा आहे. ह्या वाक्प्रचारातली ट्रेन रेल्वेची नाहीच.

ट्रेन हा शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आला आणि त्याच्या मुळाशी लॅटिनमधलं ‘ओढणे’ ह्या अर्थाचं क्रियापद आहे. मागे ओढली जाते ती ट्रेन. वसईकडच्या चर्चमधल्या लग्नात नवरीच्या गाऊनचा लांबलचक घोळ मागून फरफटत येतो, चिमुरड्या मुली तो उचलून धरतात, त्याला ट्रेन म्हणतात. जुन्या इंग्रजीत राजाच्या मागून चालणारा लवाजमा म्हणजे ट्रेन. वाळवंटातून एकामागे एक जाणारा उंटांचा तांडाही ट्रेनच. वाफेच्या इंजिनामागे डबे जोडून ओढायला लागले तेव्हा ह्याच अर्थाने त्या डब्यांच्या रांगेला ट्रेन म्हटलं गेलं. रेल्वेने हा शब्द उसना घेतला. आपण समजतो ते उलटं.

ह्याचा पुरावा तारखांमध्येच आहे. थॉमस हॉब्ज ह्या इंग्रज तत्त्वज्ञाने १६५१ साली आपल्या ‘लेव्हायथन’ ह्या ग्रंथात ‘ट्रेन ऑफ थॉट्स’ म्हणजे काय ते समजावून सांगितलं: एका विचारामागून दुसरा येणं, म्हणजे मनातल्या मनात चाललेलं बोलणं. वाफेच्या इंजिनाची पहिली सार्वजनिक रेल्वे इंग्लंडमध्ये स्टॉकटन ते डार्लिंग्टन धावली ती १८२५ साली, आणि आपल्याकडची बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ ची. म्हणजे आपल्या पहिल्या गाडीच्या दोनशे वर्षं आधी ही ‘ट्रेन’ सुटलेली होती.

हॉब्जने दिलेलं उदाहरण मला फार आवडतं, त्यामुळे थोडं विषयांतर. इंग्लंडमधल्या यादवी युद्धाची चर्चा चालली आहे आणि मध्येच एकजण विचारतो, रोमन नाण्याची किंमत किती होती हो? ऐकणाऱ्याला वाटावं, ह्याचं लक्ष कुठे आहे! पण हॉब्ज म्हणतो, साखळी बघा. युद्धावरून राजाला शत्रूच्या हवाली केल्याची आठवण झाली, त्यावरून येशूला हवाली केल्याची, त्यावरून त्या फितुरीबद्दल मिळालेल्या तीस नाण्यांची, आणि त्यावरून नाण्याच्या किमतीची. सगळं एका क्षणात, कारण विचार धावतो वेगाने. म्हणजे त्या माणसाने ट्रेन ऑफ थॉट घालवलेली नव्हती. ती त्याच्यापाशी शाबूत होती, समोरच्यालाच दिसत नव्हती. अशा वेळी समोरच्याने म्हणायचं, ‘आय कुडन्ट फॉलो युअर ट्रेन ऑफ थॉट.’ हा प्रयोग आपल्याकडे फारच कमी दिसतो. ट्रेन ऑफ थॉट म्हणजे लक्ष उडणं नव्हे, ती नुसती विचारांची ओळ. लक्ष उडाल्याचा अर्थ ‘लॉस्ट’ किंवा ‘ब्रोक’ ह्या क्रियापदातून येतो.

भाच्याला मी लोकलऐवजी दिंडी डोळ्यासमोर आणायला सांगितली. एकामागे एक वारकरी, पुढे पताका, मागे तुळशीवृंदावन. तुम्ही त्या दिंडीत चालताय. चहाच्या टपरीवर दोन मिनिटं रेंगाळलात, मान वर केली तर आसपास भलत्याच दिंडीचे लोक. तुमची रथामागची की रथापुढची, कितव्या नंबरची, काही सुचत नाही. "दिंडी चुकली" म्हणतो ना आपण, तेच हे ‘आय लॉस्ट माय ट्रेन ऑफ थॉट’.

आणि हे सांगता सांगता माझ्याच लक्षात आलं की ‘मिस्ड’ची खरी मेख इथे आहे. मराठीत गाडीही चुकते आणि वाटही चुकते. दोन्हीकडे क्रियापद एकच. इंग्रजीत मात्र गाडी चुकली तर ‘मिस्ड’ आणि वाट चुकली तर ‘लॉस्ट’. जे पकडायला तुम्ही पोचलाच नाहीत ते मिस होतं, हातात होतं आणि गेलं ते लॉस होतं. विचार तर तुमच्या डोक्यात चालूच होता. ‘आय मिस्ड माय ट्रेन ऑफ थॉट’ वाचून इंग्रज माणूस घटकाभर थबकेल, ह्याला विचार सुचलाच नाही की काय म्हणून.

‘ट्रेल ऑफ थॉट’बद्दल एकच सांगते. ट्रेल म्हणजे मागे उरलेल्या खुणा, पाऊलवाट. अर्थ जवळचा वाटतो म्हणून कान फसतो, पण रूढ प्रयोग ट्रेनचाच आहे. ट्रेल वापरायचाच असेल तर कथेत वापरा: ‘शी ट्रेल्ड ऑफ’, म्हणजे बोलता बोलता तिचा आवाज विरत गेला. धागा सुटलेल्या पात्रासाठी ह्याच्याइतका नेमका शब्द नाही.

हरवलं कोण, हरवली काय

‘माय ट्रेन ऑफ थॉट लॉस्ट’ हे दुसरं दुखणं, आणि ते ह्या एका वाक्यापुरतं नाही. ‘माय मोबाइल लॉस्ट’ लिहिणाऱ्याच्या हातून हेही होणारच.

मराठी ही ह्या बाबतीत फार सोयीची भाषा आहे. किल्ली हरवते, काच फुटते, दूध उतू जातं. आपण जवळपास कुठेच नसतो. काच "मी फोडली" असं आपण होऊन म्हणणारं मूल मी अजून पाहिलेलं नाही, आणि मोठेही काही वेगळे नाहीत. इंग्रजी ‘लूझ’ ह्या क्रियापदाला असं चालत नाही. त्याला कर्ता म्हणून माणूस हवा: ‘आय लॉस्ट माय कीज’. म्हणून "माझी लिंक तुटली" ह्याचं इंग्रजी करताना आधी ‘माझी’तला ‘मी’ बाहेर काढायचा आणि वाक्याच्या सुरुवातीला उभा करायचा. ‘आय’, मग ‘लॉस्ट’, मग जे हरवलं ते. ‘माय ट्रेन ऑफ थॉट वॉज लॉस्ट’ व्याकरणात बसतं, पण बोलण्यात तसं सहसा कुणी म्हणत नाही, आणि कागदावरही ते अवघडल्यासारखं दिसतं.

‘आय वॉज लॉस्ट माय ट्रेन’ हा ह्याचाच भाऊ. ‘मी हरवलो होतो’ आणि ‘मी हरवलं होतं’ ही दोन वाक्यं गुंतली की ते जन्माला येतं. ‘आय वॉज लॉस्ट’ म्हणजे मी स्वतःच हरवलो, त्यापुढे कर्म येऊच शकत नाही.

लूज मोशनची भानगड

हसू नका, तिसऱ्या चुकीचं मूळ खरंच इथे आहे.

हरवणे ह्या अर्थाच्या क्रियापदाचं स्पेलिंग एल-ओ-एस-ई, एकच ओ. सैल ह्या अर्थाच्या विशेषणात दोन ओ. ‘आय ऑल्वेज लूझ माय ट्रेन ऑफ थॉट’ लिहिताना दोन ओ घातले की वाक्य सैल होतं. ही चूक इंग्रजही करतात, पण त्यांना सांगितलेला उपाय आपल्याला लागू पडत नाही. त्यांना सांगतात, मोठ्याने म्हणून बघा: सैलवाला शब्द ‘लूस’, शेवटी स. हरवण्याचा शब्द ‘लूझ’, शेवटी झ. आपण मात्र सैल पँटला "लूज पँट" म्हणतो, पोट बिघडलं की "लूज मोशन", सुट्ट्या तेलाला "लूज तेल". सैलाचा उच्चारच आपण हरवण्यासारखा करून ठेवलाय, मग मोठ्याने म्हणून काय कळणार? उच्चारावर विसंबू नका. ‘लॉस्ट’मध्ये ओ किती? एक. मग त्याच्या मूळ रूपातही एकच. संगणकाचा शब्दतपासनीसही इथे भरवशाचा नाही, कारण दोन्ही शब्द त्याच्या लेखी बरोबर आहेत.

थॉट की थॉट्स

इथे मी जरा मवाळ आहे. ‘ट्रेन ऑफ थॉट्स’ हे काही अडाणीपणाचं नाही. हॉब्जनेच अनेकवचन वापरलं होतं, हे वर आलंच. पण आज हा वाक्प्रचार एकवचनात घट्ट बसलेला आहे आणि कुठलाही संपादक शेवटचा एस खोडेल. मीही खोडते.

आपल्या हातून तो एस का पडतो हे मात्र बघण्यासारखं आहे. ‘विचार’ हा शब्द मराठीत एकवचनात आणि अनेकवचनात सारखाच: एक विचार, दहा विचार. फरक दिसतो तो प्रत्यय लागल्यावर, विचाराचा आणि विचारांचा. आणि साखळी, ओळ, मालिका म्हटलं की आपण हटकून "विचारांची" म्हणतो. तो अनुस्वार इंग्रजीत जाताना एस होतो. ‘लॉस्ट इन थॉट्स’मध्येही हेच घडतं. ह्या जागांवर इंग्रजी ‘थॉट’ म्हणजे मोजता येणारे सुटे विचार नव्हेत, विचार करण्याची क्रिया. म्हणून ‘फूड फॉर थॉट’, ‘स्कूल ऑफ थॉट’, ‘लाइन ऑफ थॉट’, सगळीकडे एकवचन. खरंच दोन वेगवेगळ्या विचारधारा मनात चालल्या असतील तर एस ट्रेनला लागतो, ‘टू ट्रेन्स ऑफ थॉट’, थॉटला नाही.

अलीकडे कॉम्प्युटरवाली मुलं ‘आय लॉस्ट माय चेन ऑफ थॉट’ लिहितात. ‘चेन ऑफ थॉट’ हा शब्द २०२२ पासून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या क्षेत्रात फार चालतो, मॉडेलने उत्तराआधी पायरी-पायरीने विचार मांडण्यासाठी. म्हणून तो जिभेवर बसलाय. चूक म्हणणार नाही, पण लक्ष उडाल्याचं सांगताना ट्रेनच बरी.

शेजारचे शब्द, जे मध्येच घुसतात

‘आय लॉस्ट माय ट्रॅक’ असं कुणी लिहिलं की मला विचारावंसं वाटतं, कुठला, धावण्याचा? ‘लूझ ट्रॅक’मध्ये ‘माय’ येत नाही, ‘द’ही येत नाही, आणि पुढे ‘ऑफ’ लागतोच: ‘आय लॉस्ट ट्रॅक ऑफ टाइम’, ‘आय लॉस्ट ट्रॅक ऑफ व्हॉट आय वॉज सेइंग’. ट्रेनला ‘माय’ हवं, ट्रॅकला नको.

‘साइडट्रॅक्ड’ हा मात्र अस्सल रेल्वेचा शब्द, एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेतला. मुख्य मार्गावरची गाडी बाजूच्या रुळावर नेणं, त्यावरून मूळ मुद्दा सोडून भलतीकडे वळणं. ‘आय गॉट साइडट्रॅक्ड’ म्हणजे करायला एक बसलो आणि दुसऱ्याच कामात शिरलो. आपल्याला वाटतं, हे म्हणजे आपलं "सायडिंगला टाकणे". नाही! मराठीत माणसाला सायडिंगला टाकतात म्हणजे त्याला डावलतात, आणि त्यासाठीचा इंग्रजी शब्द ‘साइडलाइन्ड’. एका बाईंनी वरिष्ठांना कळवलं होतं की दुसऱ्या कामामुळे मी ‘साइडलाइन्ड’ झाले म्हणून अहवालाला उशीर झाला. वरिष्ठांनी घाबरून विचारलं, तुम्हाला कुणी डावललं?

‘लॉस्ट इन थॉट’ दिसायला ट्रेन ऑफ थॉटचं भावंड, अर्थाने उलट टोक. तंद्री लागली म्हणजे ‘लॉस्ट इन थॉट’. तंद्री मोडली की ‘लॉस्ट माय ट्रेन ऑफ थॉट’. एकात तुम्ही विचारात हरवता, दुसऱ्यात विचार तुमच्यापासून.

आणि साधासुधा ‘डिस्ट्रॅक्टेड’. ह्याच्यामागे ‘बाय’ की ‘फ्रॉम’? मराठी प्रत्यय लावून बघा. जिथे ‘मुळे’ तिथे ‘बाय’, जिथे ‘वरून’ तिथे ‘फ्रॉम’. फोनमुळे कामावरून लक्ष उडालं: ‘द फोन’ला बाय, ‘माय वर्क’ला फ्रॉम. गंमत म्हणजे डिस्ट्रॅक्टच्या मुळाशीही तेच लॅटिन ‘ओढणे’ आहे, इथे भलतीकडे ओढणे. शेतातला ट्रॅक्टरही त्याच घराण्यातला.

मुळात लिहायचं का?

हे मी शेवटी सांगते, पण खरं तर भाच्याला पहिल्यांदा हेच विचारायला हवं होतं. त्याने ईमेलमध्ये लिहिलं होतं, दुसऱ्या परिच्छेदाच्या शेवटी, की माफ करा, माझी ट्रेन ऑफ थॉट गेली, तर मुद्दा असा की... मी म्हटलं, अरे, तू लिहितोयस. बोलताना तोंडातून गेलेलं परत घेता येत नाही, म्हणून माणूस माफी मागतो. ईमेल पाठवण्याआधी तुला मागे जाऊन ते वाक्यच काढून टाकता येतं. वाचणाऱ्याच्या मनात येणार, हा विसरला होता तर आठवल्यावर नीट का नाही लिहिलं?

चॅटवर चालेल, तिथे संभाषण चालू असतं. कथेत, आठवणीत, भाषणात चालेल. "काल मीटिंगमध्ये माझा धागा सुटला" असं कालचं सांगताना चालेल. पण चालू ईमेलमध्ये मुद्द्यावर परत यायचं असेल तर ‘टु रिटर्न टु माय अर्लियर पॉइंट’ किंवा ‘कमिंग बॅक टु’ पुरे. उत्तराला उशीर झाला असेल तर ‘सॉरी फॉर द डिले’. लक्ष उडाल्याची कबुली ग्राहकाला देण्यात काही हशील नाही.

"मग मी शिकलो कशाला एवढं?" असं त्याने विचारलं, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

गेल्या आठवड्यात त्याच्या टीमच्या गटात त्याने ते वापरलं आणि मला त्याचा फोटो पाठवला. ‘आय’ जागेवर, ‘लॉस्ट’ जागेवर, ‘ट्रेन’ एकवचनी, एसचा पत्ता नाही. फक्त ‘थॉट’चा शेवटचा टी टाइप करायचा राहिला होता, त्यामुळे वाक्य संपत होतं ‘दो’वर, म्हणजे ‘जरी’वर. तोही शब्द कोशात असल्याने फोनने खाली लाल रेघ काढली नव्हती. तेव्हा पाठवण्याआधी ते शेवटचं अक्षरही एकदा बघून घ्या.